इशापूरची रायफल आणि अ‍ॅल्युमिनियमची चासी

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सकाळी आमचे शेजारी दार वाजवून आत आले, ते हातात लाकडाचा एक लांबट तुकडा घेऊनच. गृहस्थ ऐंशीच्या घरातले. जन्मभर टूल अँड डाय मेकर म्हणून काम केलेले, तरुणपणी व्हिएतनामला जाऊन आलेले, आणि ओहायोतल्या आमच्या गल्लीत कोणाचं स्नोब्लोअर बंद पडलं तर न बोलावता हजर होणारे. लाकूड त्यांनी डायनिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझ्या देशातलं आहे. बघ, ओळखतोस का!"

बंदुकीच्या दस्त्याचा तो पुढचा भाग होता. मागच्या टोकापासून बोटभर लांबीची चीर गेली होती. लाकडातून आरपार एक आडवा लोखंडी स्क्रू घातलेला होता. मी ओळखलं नाही. मग त्यांनीच सांगितलं. १९९० च्या दशकात एका गन शोमध्ये त्यांनी शंभरेक डॉलर देऊन एक रायफल घेतली होती. तिच्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आर. एफ. आय.' ही अक्षरं होती. रायफल फॅक्टरी, इशापूर. साल १९६६. आता त्यांची सोळा वर्षांची नात नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागली होती आणि तिच्यासाठी त्यांना ही रायफल हल्ली मिळते तशा अ‍ॅल्युमिनियमच्या चासीत बसवायची होती. मिलिंग मशीन त्यांच्या गराजमध्ये होतं. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करून द्यायला कोणीतरी हवं होतं.

आपल्याकडच्या घरांत बंदूक हा विषय कसा निघतो, किंबहुना निघतच नाही, हे वाचकांना ठाऊक आहे. मी पंचवीस वर्षांपूर्वी विद्यार्थी व्हिसावर आलो तेव्हा तर प्रश्नच नव्हता. ग्रीन कार्ड नसलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला काही अपवाद सोडता बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने १९९८ पासून मनाई आहे. नंतर ग्रीन कार्ड आलं, नागरिकत्व आलं, पण त्या वाटेला जावंसं कधी वाटलं नाही. आमची मुलगी पहिलीत असताना एके दिवशी शाळेतून आली आणि वर्गातला दिवा घालवून, भिंतीला टेकून, आवाज न करता कसं बसायचं ते तिने आम्हाला करून दाखवलं. त्या रात्री आम्ही दोघंही नीट झोपलो नाही. त्यामुळे शेजारी गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "लाकूड आलं तेवढं पुरे. बंदूक या उंबऱ्याच्या आत येणार नाही." मी ते कबूल केलं. काम त्यांच्या गराजमध्ये करायचं, गोळ्या त्या खोलीत असायच्या नाहीत आणि बोल्ट कायम काढून ठेवलेला असायचा, असं ठरलं. म्हाताऱ्यांचे स्वतःचे नियम याहून कडक निघाले.

पण मी हो म्हटलं त्याचं खरं कारण वेगळं होतं. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते.

०००

या रायफलीची हकिगत एका स्थलांतरित माणसापासूनच सुरू होते. जेम्स पॅरिस ली याचा जन्म १८३१ सालचा, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. लहानपणी आईवडिलांबरोबर तो कॅनडात आला आणि पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये येऊन अमेरिकन झाला. घड्याळजीचा धंदा करणाऱ्या या माणसाने १८७९ साली बोल्टच्या खाली बसणाऱ्या, आत स्प्रिंग असलेल्या पेटीवजा मॅगझिनचं पेटंट घेतलं. अमेरिकन लष्कराने त्याच्या रायफलीची फारशी कदर केली नाही, ती ब्रिटिशांनी केली. १८८८ साली ली-मेटफर्ड आली, १८९५ साली ली-एनफिल्ड. पुढे तिला आखूड करून 'शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड' झाली आणि १९०७ साली तिची तिसरी आवृत्ती, मार्क थ्री, निघाली. आपण पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली 'थ्री नॉट थ्री' ती हीच.

ली १९०४ साली कनेक्टिकटमध्ये वारला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या उत्तरेला, हुगळीच्या काठी, इशापूरला रायफलींचा कारखाना सुरू झाला. तिथे कंपनी सरकारच्या काळापासून बंदुकीची दारू बनत होतीच. निलगिरीत अरुवनकाडूला कॉर्डाइटचा कारखाना निघाला तोही याच सुमाराला. आणि गोळ्या? त्या डमडमला आणि खडकीला बनत. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ रोजी जिथे झाली, त्याच परिसरात बावन्न वर्षांनी इंग्रजांच्या फौजेसाठी काडतुसं बनू लागली.

वडील त्या कारखान्यात लागले तेव्हा इंग्रज जाऊन तीन दशकं होत आली होती. पण भोंगा तोच होता. आमच्या चाळीतली घड्याळं त्या भोंग्यावर लावली जात. कारखान्यात काय चालतं हे घरी सांगायचं नाही, असा नियम होता आणि वडिलांनी तो निवृत्त होईपर्यंत पाळला. काडतुसाच्या पितळी टोपणाचं तोंड तापवून मऊ करतात, बूड मात्र कडक ठेवतात, हे मी पुढे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात वाचलं आणि मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "हं, असेल तसं." तेच काम ते वीस वर्षं करत होते.

०००

शेजाऱ्यांच्या गराजमध्ये रायफल प्रथम हातात घेतली तेव्हा पुण्यातल्या कॉलेजचे एन.सी.सी.चे दिवस आठवले. कवायतीला आम्हाला अशीच थ्री नॉट थ्री असे, निकामी केलेली. खांदा दुखायचा आणि उस्तादांचा आवाज कानात घुमायचा. तेव्हा तिच्याकडे यंत्र म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आता पाहू लागलो.

बहुतेक रायफलींचा लाकडी दस्ता अखंड असतो. जर्मन माउझर घ्या, अमेरिकन स्प्रिंगफिल्ड घ्या, खांद्यापासून पुढच्या टोकापर्यंत एकच लाकूड. ली-एनफिल्डचा दस्ता मात्र दोन तुकड्यांचा. मधल्या पोलादी भागाला मागच्या बाजूला एक खोबण आहे, त्यात मागचा दस्ता घुसतो आणि त्याच्या पोटातून जाणारा एक लांब बोल्ट त्याला आवळून धरतो. पुढचा दस्ता वेगळाच, खालून बसणारा. याचा फायदा असा, की अखंड, लांब, सरळ रेषेचं लाकूड शोधावं लागत नाही. मागचा दस्ता तुटला तर तेवढाच बदलता येतो. शिवाय तो चार मापांत मिळे: लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि सगळ्यांत आखूड बँटम. त्या त्या मापाचं अक्षर लाकडावर ठोकलेलं असे. शिपाई उंच असो वा बुटका, त्याच्या हाताच्या मापाचा दस्ता बसवता येई. हल्लीच्या चासीत मागचा भाग पुढे-मागे सरकवता येतो त्याचं मोठं कौतुक होतं. ते काम एनफिल्डवाल्यांनी शंभर वर्षांपूर्वी चार लाकडी तुकड्यांत केलं होतं.

तोटा पुढच्या दस्त्यात होता. गोळी उडाली की सगळं पोलाद मागे येतं आणि पुढच्या लाकडाला आपल्याबरोबर ओढतं. ही ओढ लाकडाच्या मागच्या टोकाशी असलेल्या दोन लहानशा पृष्ठभागांवर येते. ते पोलादाला घट्ट टेकलेले असले तर ठीक. कागदाच्या जाडीएवढी फट पडली, की प्रत्येक गोळीगणिक तिथे हातोडीचा घाव बसतो आणि लाकूड मागच्या टोकापासून तडकत जातं. आमच्या टेबलावर आलेली चीर ती हीच.

फट पडते कशाने? लाकूड आकसल्याने. इथे अमेरिकेतल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. मिरजेहून मोठ्या हौसेने आणलेला तंबोरा पहिल्याच हिवाळ्यात फर्नेसच्या कोरड्या हवेने तडकल्याचं दुःख आपल्यापैकी कित्येकांनी भोगलं आहे. बंगालच्या दमट हवेत बसवलेलं हे लाकूड तीस हिवाळे ओहायोच्या तळघरात काढून बसलं होतं. चार सेंटिमीटर रुंदीच्या लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांनी उतरला, तर ते रुंदीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ नाहीच. त्यात आणखी एक गंमत. पुढचा स्क्रू आवळताना लाकूड चिरडू नये म्हणून त्या स्क्रूभोवती एक छोटी पोलादी नळी बसवलेली असते. लाकूड त्या नळीच्या उंचीहून कमी झालं, की स्क्रू नळीवर घट्ट बसतो आणि लाकूड तसंच सैल राहतं. हाताला सगळं आवळलेलं लागतं, आतून मात्र खेळ चालू असतो.

मग त्या आडव्या स्क्रूचा उलगडा झाला. जगभरचे संग्राहक त्याला 'इशापूर स्क्रू' म्हणूनच ओळखतात. लाकूड फाकू नये म्हणून इशापूरच्या कारागिरांनी आरपार घातलेला तो टाका आहे. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्यालाही याच दुखण्याने गाठलं होतं. तिथे इंग्लंडातलं अक्रोडाचं लाकूड मिळेना म्हणून त्यांनी कोचवूड नावाचं स्थानिक, थोडं मऊ लाकूड वापरलं आणि जिथे धक्का बसतो तिथे तांब्याच्या छोट्या पट्ट्या जडवल्या. साम्राज्याने नमुना एकच पाठवला होता. हवा आणि लाकूड ज्याचं त्याचं होतं. नमुन्यातली उणीव जिथे ज्याला भोवली तिथे त्याने ती आपल्या परीने भरून काढली. अशा माणसांची नावं कुठे लिहिलेली नसतात.

०००

ही रायफल दिसायला थ्री नॉट थ्री असली तरी तशी नव्हती. तिची कथा १९६२ सालापासून सुरू होते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अन्नावाचून झिजून २९ एप्रिल १९१६ रोजी ज्यांना शरण जावं लागलं, त्यांत आपल्या सातारा-कोकणातली मुलं होती. दुसऱ्या महायुद्धात, मग १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत, पायदळाची रायफल मुख्यतः हीच घराण्यातली. आणि १९६२ च्या ऑक्टोबरात चिनी फौजा हिमालयातून खाली आल्या तेव्हाही आपल्या जवानांच्या हातात मुख्यतः बोल्ट मागे-पुढे करून एकेक गोळी भरायची थ्री नॉट थ्रीच होती. त्या थंडीत, अपुऱ्या कपड्यांनिशी ते लढले. त्या पराभवाची चर्चा आमच्या वडिलांची पिढी आजही थांबवत नाही.

त्यानंतर लष्कराला आपोआप भरणारी ७.६२ मिलिमीटरची रायफल देण्याचं काम जोरात सुरू झालं. तीही इशापूरलाच बनू लागली. पण तेवढ्या रायफली एका रात्रीत होत नव्हत्या. म्हणून एक मधला मार्ग काढला गेला. जुन्या लीच्या रचनेचीच, पण नव्या ७.६२ गोळीची रायफल बनवायची, म्हणजे निदान दारूगोळा तरी एकच राहील. तिचं नाव २-ए. वर्ष १९६३. लोकांचा समज असा, की जुन्या रायफलींच्या नळ्या बदलून त्या बनवल्या. तसं नव्हे. नव्या गोळीचा दाब जास्त म्हणून पोलाद सुधारून त्या नव्यानेच घडवल्या होत्या. दहा गोळ्यांच्या जागी बारा गोळ्यांचं चौकोनी मॅगझिन आलं. नव्या गोळीच्या बुडाला कड नसते म्हणून रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा बदलावा लागला. १९६५ च्या सुमाराला निघालेल्या २-ए-१ या आवृत्तीत नेमपट्टी दोन हजार यार्डांवरून आठशे मीटरवर आणली गेली. दोन हजार यार्ड हा साम्राज्याचा आत्मविश्वास होता, आठशे मीटर हा व्यवहार. लष्करासाठी नव्याने आखलेली ही जगातली शेवटची साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, स्नायपरच्या खास रायफली सोडून, असं मानलं जातं.

शेजाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एक डबा काढला. वर्षानुवर्षं जमवलेली रिकामी काडतुसं. त्यातून थ्री नॉट थ्रीचं एक काळवंडलेलं काडतूस काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. बुडाशी 'के' आणि 'एफ' ही अक्षरं होती. किर्की फॅक्टरी. आपली खडकी.

त्या रात्री मी पुण्याला फोन लावला. वडील हल्ली फोनवर फार बोलत नाहीत. पण काडतुसाच्या बुडावरची खूण वाचून दाखवल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एकामागोमाग एक प्रश्न विचारू लागले. साल काय आहे? तोंडाशी चिरलंय का? टोपीभोवतीचा रंग राहिलाय का? चाळीस वर्षांत त्यांनी कामाबद्दल माझ्याशी जेवढं बोलणं केलं नव्हतं तेवढं त्या अर्ध्या तासात केलं. शेवटी रायफलीचं काय करताय ते विचारलं. लाकूड काढून अ‍ॅल्युमिनियम बसवणार आहोत, असं सांगितल्यावर म्हणाले, "लाकूड बदला हवं तर. पण नंबर घासू नका. आणि नवीन भोक पाडू नका."

०००

अ‍ॅल्युमिनियमची ही चासी आली कुठून? आपल्याला चासी माहीत ती ट्रकची. पुणे-मुंबई रस्त्यावर टेल्कोच्या नव्या ट्रकची नुसती चासी, वर केबिन नाही की काही नाही, आणि लाकडी फळीवर बसून, कान मफलरमध्ये गुंडाळून ती पळवणारा ड्रायव्हर, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे. बंदुकीची चासीही तीच. भार घेणारा सांगाडा धातूचा. बाकी सगळं, म्हणजे हातमूठ, गालाचा आधार, खांद्याचा भाग, त्याला लटकवलेलं.

याचा अमेरिकेतला धडा व्हिएतनामने दिला. १९६६ साली मरीन्सनी एम-४० ही स्नायपर रायफल घेतली, लाकडी दस्त्याची. तिकडच्या पावसात आणि दमटपणात लाकूड फुगलं, नळीला टेकू लागलं आणि सकाळी लावलेला नेम संध्याकाळी भलतीकडे जाऊ लागला. आमच्या शेजाऱ्यांनी हे स्वतः पाहिलेलं. १९७० च्या दशकात एम-४०-ए-१ आली तिचा दस्ता फायबरग्लासचा होता. १९८८ साली अमेरिकन लष्कराने घेतलेल्या एम-२४ मध्ये कृत्रिम दस्त्याच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला होता. ब्रिटनमध्ये तर जुन्या ली-एनफिल्डचाच ७.६२ मधला अवतार, एल-४२, १९८२ च्या फॉकलंडच्या युद्धापर्यंत स्नायपरच्या हातात होता. त्याची जागा ज्या रायफलीने घेतली तिच्यामागे माल्कम कूपर हा नेमबाज होता. १९८४ आणि १९८८ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १९७८ साली काढलेल्या कंपनीने रायफलीचं पोलाद सरळ अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवलं आणि प्लास्टिकचे दोन अर्धे भाग नुसते पांघरुणासारखे बाहेरून लावले. पुढे २०१० साली अमेरिकन लष्कराने आपल्या जुन्या एम-२४ रायफलीच नव्या चासीत बसवून घेण्याचं कंत्राट दिलं. जुनं पोलाद आणि नवा सांगाडा ही कल्पना अशी राजमान्य झाली.

इंजिनिअर म्हणून मला त्यातलं गणित आवडलं. तापमान चाळीस अंशांनी बदललं तर वीस सेंटिमीटर लांबीत अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जेमतेम ०.०९ मिलिमीटर जास्त वाढतं. लाकडाच्या अर्ध्या मिलिमीटरपुढे हे काहीच नाही. शिवाय ते ठरलेलं असतं. लाकूड या वर्षी किती हलेल ते पावसावर. अ‍ॅल्युमिनियम किती हलेल ते आधीच कागदावर मांडता येतं.

पण बाजारातल्या तयार चाशा बहुतेक अखंड दस्त्याच्या रायफलींसाठी असतात. आमच्या रायफलीची ती मागची खोबण सारखी आडवी येत होती. डिसेंबरभर मी ड्रॉइंग करायचो आणि शेजारी नाक मुरडायचे. एका रविवारी मी सुचवलं, की खोबणीची मागची कड थोडी कापली तर सगळंच सोपं होईल. सॉफ्टवेअरवाल्याची सवय, अडचणीची ओळ खोडून टाकायची. म्हातारे काही बोलले नाहीत. त्यांनी खोबणीच्या बाजूचं सिंहांचं चिन्ह बोटाने दाखवलं आणि विचारलं, "हे परत कोण बनवणार?"

तेव्हा मी ड्रॉइंग बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोलादाला हात लावायचा नाही, असलेलीच भोकं वापरायची, आणि उद्या कोणाला वाटलं तर तासाभरात सगळं मूळ रूपात आलं पाहिजे. जिथे लाकूड होतं नेमक्या त्याच जागेत, चापाच्या कड्याच्या त्याच दोन स्क्रूंनी धरलेला अ‍ॅल्युमिनियमचा पाळणा. मागे, त्याच खोबणीत बसणारा एक खुंटा आणि मूळच्या लांब बोल्टने आवळलेला, पुढे-मागे सरकणारा दस्ता. दोन्ही नेम नळीवरच बसवलेले असल्याने ते जागेवर राहिले. पाळण्यात आणि पोलादात उरलेल्या केसभर फटीत इपॉक्सी भरलं. मार्चपर्यंत काम झालं. एका माणसाने १८७९ साली काढलेली कल्पना, १९६६ सालचं बंगाली पोलाद आणि क्लीव्हलंडहून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा.

०००

या सगळ्या काळात एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. आपण सगळे इथे टीव्हीसमोर बसून होतो. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघे अतिरेकी स्वयंचलित रायफली घेऊन गोळ्या झाडत होते आणि समोरच्या पोलिसांपैकी काहींच्या हातात थ्री नॉट थ्री होती, तर काहींच्या हातात नुसती लाठी. तेव्हा इथल्या जेवणाच्या टेबलांवर, माझ्याही, त्या 'म्युझियममधल्या बंदुकी'ची चेष्टा झाली होती.

आता ती हातात घेतल्यावर ती चेष्टा मला आवडेनाशी झाली. यंत्रात खोट नव्हती. ज्या कामासाठी ते घडवलं त्या कामात ते चोखच होतं. दोष होता तो त्याला पन्नास वर्षं त्याच जागी ठेवून, सरावाला पुरेशा गोळ्या न देता, वर उभ्या माणसाकडून शौर्याची अपेक्षा करण्याचा. आणि त्यांतल्या काहींनी तेही दाखवलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला समारंभाने निरोप दिला, हे वाचल्यावर मला वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. निरोपाची वेळ केव्हाच होऊन गेली होती. कुठल्याही चासीने ते काम झालं नसतं.

आणखी एक विसंगती मनात राहिली. १८७८ च्या शस्त्रबंदीच्या कायद्याने हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र परवान्यावाचून काढून घेतलं आणि गोऱ्यांना मात्र सूट दिली. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्यातही लष्करी बोअरची बंदूक सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून इशापूरने लीच्याच रचनेवर .३१५ बोअरची शिकारी रायफल बनवली. म्हणजे जी रायफल माझे वडील, तिच्या गोळ्या करण्याच्या धंद्यात जन्म घालवूनही, कधी घरी आणू शकले नसते, ती ओहायोतल्या गन शोमध्ये टेबलावर चिठ्ठी लावून विकायला होती. यातलं कोणतं बरोबर, असं कोणी विचारलं तर मुलगी पहिलीत होती त्या रात्रीपासून माझं उत्तर ठरलेलं आहे. पण ते उत्तर देताना शेजारच्या गराजमधला तो शिस्तीचा म्हाताराही मला डोळ्यांआड करता येत नाही.

०००

एप्रिलमध्ये रेंजवर गेलो. नातीने पोटावर पडून दहा-दहा गोळ्यांच्या तीन फेऱ्या झाडल्या. मी दुर्बिणीतून पाहत होतो. खरं सांगायचं तर गोळ्यांचा पुंजका आधीपेक्षा फारसा लहान झाला नव्हता. साठ वर्षांची नळी ती. पण आधी नळी तापत गेली की पुंजका हळूहळू वर सरकायचा, तो आता जागचा हलत नव्हता. पहिली गोळी जिथे, तिथेच तिसावी. शेजारी म्हणाले, एवढ्यासाठीच हे सगळं असतं.

काढलेलं लाकूड आम्ही फेकलं नाही. चिरेत पातळ गोंद भरून, जवसाचं तेल देऊन, कापडात गुंडाळून त्यांनी ते एका लांब पेटीत ठेवलं. त्यात ठेवायला एक कार्ड लिहून दे, असं मला सांगितलं, म्हणजे पुढे कोणी पेटी उघडली तर त्याला हे काय आहे ते कळेल. मी कारखान्याचं नाव लिहिलं, साल लिहिलं, दस्त्यावरचा नंबर लिहिला, आणि तो आडवा स्क्रू कशासाठी आहे ते दोन ओळींत लिहिलं. खडकीचं ते काडतूस मात्र त्यांनी मला दिलं. बायकोला विचारलं. तिने ते हातात घेऊन, आत फुंकर मारून पाहिलं आणि म्हणाली, "रिकामं आहे ना? मग राहू दे."

येत्या डिसेंबरात पुण्याला जाणार आहोत. काडतूस विमानात नेता येणार नाही, म्हणून त्याच्या बुडाचा मोठा फोटो काढून घेतला आहे. वडिलांनी तो दोनदा मागितला.